झुबकीच्या केसांत पाणी शिरेना

एक होती झुबकी.

झुबकी म्हणजे अस्वलाचं पिल्लू. एवढंसं! नाक काळं. डोळे काळे. आणि केस? अबब! कानावर केस, मानेवर केस, पाठीवर केस. दाट, कुरळे आणि कोरडे ठाक.

एका दुपारी काय झालं? झुबकीची झोप हरवली.

आता झोप कशी हरवली? तेही सांगते. दम धरा.

सकाळी आईनं झुबकीचे केस बघितले. "किती गं कोरडे!" आई म्हणाली. आईनं तेल लावलं. चप् चप्! तेल आत जाईना. वरच बसलं. मग आली धूळ. तीही तेलावर बसली.

"अगंबाई! अजून कोरडेच?" आई म्हणाली. पुन्हा तेल. चप् चप्! पुन्हा धूळ. केसांच्या झाल्या काड्या. टोच टोच!

दुपारी झुबकी आईच्या कुशीत शिरली.

"आई गं! टोचलं!" आई ओरडली. आईनं कूस बदलली. आई फार दमली होती. लगेच घोरायला लागली. घुर्रर्र, घुर्रर्र!

झुबकी राहिली आईच्या पाठीमागे. डोळे जड. पाय जड. या कुशीवर वळली, टोच! त्या कुशीवर वळली, टोच! झुबकीला रडूच आलं. तिला झोप हवी होती. आईच्या कुशीतली झोप हवी होती.

दारात उभी होती झोपमावशी.

"झोपमावशी, झोपमावशी, ये ना गं!"

"मी नाही येत. केस टोचतात. आधी फणी फिरू दे."

झुबकी उठली. लुटुलुटु, लुटुलुटु. कोनाड्यापाशी गेली. कोनाड्यात होती फणीताई.

"फणीताई, फणीताई, फिर ना गं!"

"का गं?"

"झोप काही येईना!"

"मी नाही फिरत. गुंता कोरडा आहे. माझा दात मोडेल. आधी तेल मुरू दे."

झुबकी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. फळीपाशी गेली. फळीवर बुधली. बुधलीत तेलकाका.

"तेलकाका, तेलकाका, मुरा ना हो!"

"का गं?"

"फणी फिरेना,
झोप काही येईना!"

"मी नाही मुरत. सकाळी दोनदा आलो की! केसांची दारं बंद. किती वेळ दारात बसायचं? आधी पाणी शिरू दे."

झुबकी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. आता पाय दुखायला लागले. कोपऱ्यात होती घागरकाकू. पोटात गार गार पाणी.

"घागरकाकू, घागरकाकू, पाणी घाला ना हो!"

"का गं?"

"तेल मुरेना,
फणी फिरेना,
झोप काही येईना!"

"घालते की. बघ हं." घागरकाकू कलली. टप्! टप्! दोन थेंब पडले. केसांवर गोल गोल बसले. मण्यांसारखे! आणि घरंगळले खाली. केस कोरडेच.

"बघितलंस? गार पाण्याला हे केस आत घेत नाहीत. वाईट केस नाहीत गं ते. लाजरे आहेत. ऊन ऊन पाणी लागतं त्यांना. आधी चूल पेटू दे."

झुबकी निघाली. लुटुलुटु... हुश्श! लुटुलुटु... हुश्श! अंगणात होती चूलबाई.

"चूलबाई, चूलबाई, पेट ना गं!"

"का गं?"

"पाणी शिरेना,
तेल मुरेना,
फणी फिरेना,
झोप काही येईना!"

"मी नाही पेटत. पोटात काही नाही माझ्या. नुसती राख. आधी शेवगा काटक्या देऊ दे."

झुबकी निघाली. लुटुलुटु... हुश्श! आता शेपटीसुद्धा दमली. एवढीशी शेपटी, ती काय दमणार? पण दमली. कुंपणापाशी होता शेवगेमामा.

"शेवगेमामा, शेवगेमामा, काटक्या द्या ना हो!"

"का गं?"

आता पुन्हा पहिल्यापासून सांगायचं? सांगायचं तर! झुबकीनं सांगितलं, मग आपण का नाही?

"चूल पेटेना,
पाणी शिरेना,
तेल मुरेना,
फणी फिरेना,
झोप काही येईना!"

"मी नाही देत. वाळक्या काटक्या पुष्कळ आहेत. पण त्या राहिल्या वर. मला कुठे हलता येतं? आधी वारा वाहू दे."

झुबकी निघाली. टेकडी चढायची होती. लुटु... हुश्श. लुटु... हुश्श. दोन पावलं चालली, बसली. दोन पावलं चालली, बसली. टेकडीवर होता मोठा दगड. दगडाच्या सावलीत पडला होता वारादादा. सपशेल आडवा!

"वारादादा, वारादादा, वाहा ना रे!"

"का गं?"

झुबकीनं जांभई दिली. आऽऽ! मग हळूच म्हणाली,

"शेवगा देईना,
चूल पेटेना,
पाणी शिरेना,
तेल मुरेना,
फणी फिरेना,
झोप काही येईना!"

"मी नाही वाहत," वारादादा म्हणाला. "आधी..."

"आधी काय?" झुबकीनं विचारलं.

"आधी... काय की! दमलो गं मी. सगळे म्हणतात, वाऱ्या, हे हलव. वाऱ्या, ते उडव. वाऱ्या, माझे कपडे वाळव. बस जरा, असं कोणी म्हणत नाही."

झुबकीला पुढे कुठे जायचं ते कळेना. आता तर पायही उचलेना. तिला पुन्हा रडू आलं. पण तिनं वारादादाकडे बघितलं. तो तिच्याहून दमलेला.

"मग बस जरा," झुबकी म्हणाली. "मी पण बसते."

"टेक माझ्या अंगावर," वारादादा म्हणाला.

"माझे केस टोचतात रे."

"टोचू देत."

झुबकी टेकली. दोघं बसले. कोणी काही मागितलं नाही. कोणी काही सांगितलं नाही. टेकडीवर एक मुंगी चालली होती, ती तेवढी चालत राहिली.

बऱ्याच वेळानं वारादादानं एक लांब श्वास सोडला.

हूऽऽऽऽश्श!

अहो, तो श्वास निघाला तो टेकडीवरून खाली! शेवगेमामाला लागला. शेवगेमामा हलला. काटक्या पडल्या. कडकड! टपाटप!

झुबकी धावली. लुटुलुटु, लुटुलुटु! काटक्या वेचल्या. काखेत मावेनात, तेव्हा तोंडात धरल्या. चूलबाईपाशी आणून टाकल्या. धाडकन!

आवाजानं आई उठली. "अगं माझे राणी! या उन्हात कुठे गेली होतीस?"

तोंडातली काटकी काढून झुबकीनं सगळं सांगितलं. झोपेपासून वाऱ्यापर्यंत सांगितलं.

आईनं कपाळावर पंजा मारला. "बाई गं! बंद केसांवर मी तेलावर तेल थापत बसले. चुकलंच माझं."

आईनं काटक्या घातल्या. फूऽ! फूऽ! चूल पेटली. घागरकाकूचं पाणी तापलं. आईनं पंजा घालून बघितलं. फार कढत नको. ऊन ऊन हवं.

आधी शिकेकाई. चोळ चोळ! सकाळचं तेल गेलं. धूळ गेली.

मग आईनं पंचा घेतला. ऊन पाण्यात बुडवला. पिळला. झुबकीच्या डोक्याला गुंडाळला. एवढ्याशा झुबकीला एवढा मोठा फेटा!

"आता बस," आई म्हणाली. "घाई नाही."

झुबकी बसली. पंचा गरम. डोकं गरम. आत वाफ, वाफ, वाफ. लाजऱ्या केसांना बरं वाटलं. एका केसानं दार उघडलं. मग दुसऱ्यानं. मग सगळ्यांनी.

आईनं पंचा काढला. पुन्हा ऊन पाणी घातलं. या वेळी थेंब घरंगळले नाहीत.

पाणी शिरलं.

तेलकाका आले. दोनच थेंब! जास्त नाही. हळूहळू, हळूहळू...

तेल मुरलं.

फणीताई आली. खालून वर, खालून वर. आधी टोकं सोडवली. मग मधलं. मग मुळं. एकही दात मोडला नाही. सर्रर्र!

फणी फिरली.

केस झाले मऊ मऊ. कुरळे कुरळे. कानावर एक, कपाळावर दोन गोल वेटोळी.

झुबकी आईच्या कुशीकडे गेली. जवळ जाऊन थांबली. "आई, टोचेल का गं?"

आईनं तिला ओढून घेतलं. त्या केसांत नाक खुपसलं. पार आत! "छे गं. आता माझं नाकच बाहेर निघत नाही."

दारातून झोपमावशी आली. पाय न वाजवता आली.

"झुबके, झुबके, येऊ का गं?"

झुबकीचं नाक आईच्या कुशीत बुडालेलं.

झोपमावशीनं वाकून बघितलं. "अगं बाई, मी यायच्या आधीच?"

घुर्र, घुर्र. एवढंसं घोरणं.

टेकडीवर वारा निजला. कुंपणापाशी शेवगा निजला. चूल विझली, घागर रिकामी, बुधली बंद, फणी कोनाड्यात. सगळे दमले होते, सगळे निजले.

आणि सांगून सांगून मीही दमले. सरक बघू जरा. तुझ्याच कुशीत येते.