बिनपाटाची मंत्रीण

एका डोंगरातल्या राज्यात एकदा काय झालं, राजाच वारला. मानाजीराजा त्याचं नाव. ताप आला आणि तीन दिवसांत गेला. त्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून लोकांनी त्याच्या धाकट्या भावाला, रायाजीला, गादीवर बसवलं. रायाजी वीस वर्षांचा. शाळेत बसला असेल फार तर दोन पावसाळे, पुढं गुरुजींनीच हात जोडले. मनात आलं की करून मोकळा. आणि प्रश्न तर सारखे. मुंगी चालताना कोणता पाय आधी टाकते? डोंगरापलीकडचे लोक आपल्या डोंगराला काय म्हणतात? दादा होता तोवर तो दादाला विचारायचा. आता दादा नव्हता, आणि प्रश्न मात्र तेवढेच होते.

त्या राज्याची रीत मोठी गमतीची होती, बरं का. दरबारात मंत्र्यांना खुर्च्या नव्हत्या. पाट होते. पाणी, शेती, रस्ते, कोठार, फौज आणि औषधपाणी अशी सहा खाती, म्हणून सहा पाट. आणि हे पाट बोलायचे. नवा मंत्री बसला की पाट त्याला एकच प्रश्न विचारायचा. उत्तर आलं तर मंत्री पक्का. नाही आलं तर त्यानं उठायचं, जाऊन बघून यायचं, मग सांगायचं. तोवर त्या खात्याचं काम बंद.

आणखी एक कायदा होता. नव्या राजानं पहिल्या वर्षात खाती तीनदा बदलावीत, कुणी काही बोलणार नाही. पण चौथ्यांदा बदलली, तर राजानं स्वतः गादीवरून उठायचं, आणि कुणाला बसवायचं ते प्रजेनं ठरवायचं.

रायाजीनं दादाचे सहाही मंत्री जिथल्या तिथं ठेवले. पण यादी वाचली तर नावं सात. सातवं नाव ठकूकाकीचं. ही ठकूकाकी दरबाराबाहेरच्या पायरीवर बसायची. तिला पाट नाही, खातं नाही. रायाजीला राहवेना. ही करते तरी काय? त्यानं मंत्र्यांना विचारलं. एक म्हणाला, येणाऱ्याजाणाऱ्यांशी गप्पा मारते. दुसरा म्हणाला, दिवस दिवस कुठंतरी हिंडून येते. तिसरा म्हणाला, पेरू खाते.

मग तो काकीकडेच गेला. काकी म्हणाली, "बसा, सांगते. एकदा काय झालं, पलीकडच्या वाडीतली एक बाई..."

पण रायाजीला एवढा धीर कुठला. असली हुशार म्हातारी पायरीवर वाया चालली, असं त्याच्या मनानं घेतलं. त्याची वहिनी सगुणाबाई, मानाजीराजाची राणी, म्हणाली, "भावजी, तुमच्या दादांनी तिला तिथं बसवलंय. चार दिवस बघा तरी." पण भावजी तोवर दरबारात पोचलेसुद्धा होते.

त्यानं काकीला शेतीच्या पाटावर बसवलं. एकाला हलवलं की दुसऱ्याला हलवावं लागतं. शेतीचा मंत्री पाण्यावर गेला, पाण्याचा रस्त्यांवर, रस्त्यांचा कोठारावर, आणि कोठाराचा म्हातारा मंत्री उरला तो रुसून घरी गेला. मग पाट विचारायला लागले. शेतीच्या पाटानं काकीला विचारलं, खडकाळी गावची ज्वारी कुठवर आली? काकी म्हणाली, माझ्या कमरेपर्यंत, फक्त विहिरीजवळची खुरटलीय. पाट गप्प झाला. पाण्याच्या पाटानं नव्या मंत्र्याला विचारलं, तळं कितव्या पायरीला आहे? गेला बिचारा पायऱ्या मोजायला.

रायाजीला नवल वाटलं. हिला कसं ठाऊक? मग हिला याहून मोठं खातं का देऊ नये? त्यानं दुसऱ्यांदा खाती बदलली. काकी औषधपाण्यावर गेली. पाटानं विचारलं, सर्वांत जास्त खोकला कुठल्या गावात? काकीनं गाव सांगितलं, आळी सांगितली, आणि चुलीतली ओली लाकडंही सांगितली. बाकीचे मंत्री पुन्हा आपापली उत्तरं शोधायला निघाले.

मग तिसऱ्यांदा काय केलं असेल रायाजीनं? कोठार, फौज आणि औषधपाणी, हे तीन पाट एकावर एक रचले आणि काकीला वर बसवलं. सगळं हिलाच येतंय, तर निम्मं राज्य हिच्याकडेच असू दे. आणि पाटावर पक्क्या झालेल्या मंत्र्यानं दरबार उठेपर्यंत जागचं हलायचं नाही, असा तिथला नियमच. काकी बसली उंचावर, कळशी ठेवावी तशी. पायरी रिकामी पडली.

मग एक दिवस काय झालं, तळ्याखालच्या गावातून कोंडाई नावाची बाई आली. पायांना चिखल, तोंड सुकलेलं. तळ्याच्या बांधाला भगदाड पडलं होतं. बांधावरून रस्ता जातो, बांधाखाली शेतं आणि घरं. ती पाण्याच्या मंत्र्याकडे गेली. तो म्हणाला, भगदाड रस्त्यात पडलंय, तिकडं जा. रस्त्याचा मंत्री म्हणाला, बांध तळ्याचा, तिकडं जा. शेतीचा म्हणाला, पीक बुडालंय का? नाही ना? बुडालं की या.

कोंडाई बाहेर आली आणि रिकाम्या पायरीवर बसून रडायला लागली. रायाजी तिथून चालला होता. तो विचारल्याशिवाय पुढं जायचाच नाही. तिनं सगळं सांगितलं, आणि म्हणाली, "आमच्याकडं सगळे म्हणाले, पायरीवरच्या काकीला सांग, ती येऊन बघेल. पण इथं काकी कुठाय?"

रायाजी धावत दरबारात गेला. काकीला म्हणाला, "काकी, तुम्ही हेच करत होता?"

"ज्या गाऱ्हाण्याला पाट नाही, ते माझं," काकी वरून म्हणाली. "मी जाऊन बघायची. मग ज्याचा हात धरून न्यायचा, त्याला नेऊन उभं करायची."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगत होते की. तुम्ही मधेच मला पाटावर बसवलंत."

मंत्री खाली मान घालून हसले. मग फौजेचा जुना मंत्री हळूच म्हणाला, महाराज, काकीला उतरवलंत तर ही चौथी बदली. गादी जाईल.

गादी दादाची होती. दादा बसून बसून तिच्यात एक खळगा पडला होता, आणि रायाजी रोज बरोबर त्याच खळग्यात बसायचा. तिथं बसलं की दादा जवळ असल्यासारखा वाटायचा. आता तेवढंच तर उरलं होतं. ते दिलं की मग काय?

पण बाहेर कोंडाई बसली होती आणि तळ्यातून पाणी सुटलं होतं. रायाजीनं दोन्ही हात पुढं केले आणि काकीला खाली उतरवलं. सगळे मंत्री जुन्या पाटांवर पाठवले. कोठाराच्या म्हाताऱ्याला घरून बोलावलं, तो थोडा आढेवेढे घेऊन आला. काकीनं एका हातात पाण्याच्या मंत्र्याचा हात धरला, दुसऱ्यात रस्त्यांच्या, आणि दोघांना बांधावर नेऊन उभं केलं. मागून गाव आलं. कुणी माती आणली, कुणी दगड, रायाजीनं डोक्यावर पाट्या वाहिल्या. ऊन उतरता उतरता भगदाड बुजलं. कोंडाईच्या अंगणात घोट्याएवढं पाणी आलं होतं, ते तिथंच थांबलं.

पण कायदा तो कायदा. दुसऱ्या दिवशी प्रजा जमली आणि रायाजी गादीवरून उठला. पोरगं मनाचं चांगलं आहे, असं सगळेच म्हणत होते. पण गादीवर थांबून बघणारं माणूस हवं, असंही म्हणत होते. मग लोकांनी सगुणाबाईला बसवलं. ती बसली, आणि तिचा हात आधी त्या खळग्यावरून फिरला.

मग ती म्हणाली, "भावजी, तुम्हाला कोणतं खातं देऊ?"

रायाजीला काही खातं नको होतं. तो बाहेर गेला. काकी परत पायरीवर येऊन बसली होती. ती थोडी सरकली. तो शेजारी बसला.

मग तो म्हणाला, "काकी, एक गाऱ्हाणं आहे. माझा दादा गेला. हे कोणत्या पाटाकडं न्यायचं?"

"कोणत्याच नाही," काकी म्हणाली. "म्हणजे आपल्याकडंच आलं. सांग, मी ऐकतेय."

मग तो सांगत बसला. दादा कसा हसायचा, दादानं त्याला झाडावर कसं चढवलं, तापात दादा काय काय बोलला. काकी मधे एकदाही उठली नाही. सांगून झाल्यावर त्याला भूक लागली. कितीतरी दिवसांनी लागली.

तेव्हापासून त्या राज्यात दोन मंत्री बिनपाटाचे. रायाजी गावोगाव हिंडायचा, विचारायचा, बघून यायचा. पाटांवरची माणसं पाटांवर सुखात, पायरीवरची पायरीवर, आणि बांधाखालचं गाव कोरडं ठणठणीत.

झालं. आता पाय पोटाशी घ्या, डोळे मिटा. राहिलेले प्रश्न सकाळी विचारा, मी आहे इथंच.