गोजराईनं अडवलेला चुडा

फार वर्षांपूर्वी, आमच्या तांबूळवाडीला अजून बैलगाडीचीच वाट होती तेव्हा, गावात गोजराई नावाची एक कासारीण होती. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन ती दारोदार फिरायची. आम्ही दुकानदार माणसं गिऱ्हाईक तोंडावरून ओळखतो, पण ती तोंड बघायचीच नाही. हात बघायची. एकदा बांगडी भरलेला हात ती जन्मात विसरत नसे, असं म्हणतात. कुणीतरी पैजेवर तिचे डोळे बांधून शंभर बायका पुढे बसवल्या. तिनं नुसत्या हातावरून शंभरही नावं सांगितली आणि वर तिघींना विचारलं, "नवऱ्याशी मिटलं का गं?"

तर त्या साली हैबतराव पाटलांच्या मंजुळेचं लग्न निघालं. मुहूर्त गोरजाचा. दुपारी चुडा भरायला गोजराई आली, तेव्हा ओसरीवर घरच्या बायका हात पुढे करून बसल्या होत्या. सोळा जणींच्या बांगड्या भरून झाल्या. राहिली नवरी. मंजुळेनं हात पुढे केला, तशी गोजराईनं पेटी मिटली.

"अजून एकीचा हात राहिला."

"सगळ्या झाल्या की," पाटील म्हणाले.

"सारजाचा राहिला."

सारजा ही पाटलांची धाकटी बहीण. तिचे पाय चालत नव्हते, उजवा हात आखडलेला होता आणि तोंडातून शब्द सावकाश यायचा. ती पाच वर्षांची असताना गोजराईनंच तिला पहिल्या बांगड्या भरल्या होत्या. पुढे पाहुणे येणार म्हणून तिला एकदा मागच्या खोलीत बसवलं, आणि पाटलांच्या घरचे पाहुणे काही संपेनात. बघता बघता सारजा तिशीची झाली. पाटील तसे वाईट नव्हते. तिचं जेवण वेळेवर, सणाला नवं लुगडं. पण व्याह्यांनी तिला पाहिलं तर लग्न मोडेल, या धास्तीनं त्यांना आठ दिवस झोप नव्हती.

पाटलांनी एक युक्ती केली. शेजारच्या कुलकर्ण्यांच्या सुनेला तोंडावर पदर ओढायला सांगून आणून बसवलं. "ही घे सारजा."

गोजराईनं मनगट हातात घेतलं. "ही कुलकर्ण्यांची थोरली. इथं तव्याचा चटका आहे. आणि माप अडीचचं असून दरवेळी सव्वादोनच्या मागते."

पदराआडून हसू फुटलं, आणि सारजा काही तेवढी हसरी नव्हती.

पाटील चिडले. "अगं, तिला बाहेर आणून करायचं काय? तिला कसलंच काम जमत नाही."

"पाटील, तुमच्या पारावर सकाळपासून पाच जण पान खात बसलेत," गोजराई शांतपणे म्हणाली. "त्यांना कुठलं जमतं? त्यांना कुणी मागच्या खोलीत ठेवलंय का?"

त्या पाचांतला एक जण लगबगीनं झाडू शोधायला गेला, असं म्हणतात. चाळीस वर्षांत त्यानं केलेलं तेवढंच काम.

चुड्याशिवाय नवरी बोहल्यावर उभी राहणार कशी? दुसरा कासार चार कोसांवर. पाटलांनी मुलीकडे पाहिलं, तर मंजुळेनं हात पदराखाली घेतले होते. "आधी आत्या," ती म्हणाली. मग मात्र पाटील उठले, आत गेले आणि बहिणीला स्वतः उचलून घेऊन आले.

आता सगळं पटकन उरकेल असं लोकांना वाटलं. गोजराईनं हिरव्या बांगड्या काढल्या. सारजानं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग एकेक शब्द जोडत ती म्हणाली, "हिरव्या... नकोत. दुसऱ्या... दाखव."

पंचवीस वर्षांनी बांगडीवालीसमोर बसलेली बाई. ती का सोडेल? तिनं लाल पाहिल्या, पिवळ्या पाहिल्या, मोरपिशी बाजूला ठेवल्या, पुन्हा उचलल्या. पाटलांना घाम फुटला. "सारजे, घे ना एखादी."

"दादा," सारजा म्हणाली, "तू... गप... बैस."

हैबतराव पाटलांना गप्प बस म्हणणारं माणूस गावानं तोवर पाहिलं नव्हतं.

तिकडे मांडवात जोशीबुवांनी घंगाळात घटिकापात्र सोडलं. तळाला भोक असलेली ती वाटी भरून बुडाली की मुहूर्त लागायचा. सारजा बांगड्या बघत होती आणि वाटी तरंगत होती. इतका उशीर का म्हणून विहीणबाई स्वतः ओसरीवर आल्या. पाटलांनी डोळेच मिटून घेतले. विहीणबाईंनी सारजाला पाहिलं, तिच्या शेजारी बसकण मारली आणि म्हणाल्या, "मोरपिशीच घ्या. तुम्हाला खुलतील."

मग आवाज उतरवून पाटलांना म्हणाल्या, "माझ्या धाकट्या दिरांना दिसत नाही. तुम्ही काय म्हणाल म्हणून त्यांना घरीच ठेवून आलोय."

"मग गाडी जुंपा," गोजराई म्हणाली.

गाडी दोन कोस गेली, दीर अंघोळ करून, फेटा बांधून गाडीत बसले, दोन कोस परत आली, आणि तोवर ती वाटी काही बुडाली नाही, असं म्हणतात. खालच्या आळीतले लोक सांगतात की भोकात अक्षतेचा दाणा अडकला होता. अडकेना का. गोजराईनं त्या आखडलेल्या हाताला तेल लावून, बोटं एकेक सैल करत, डझनभर मोरपिशी बांगड्या एकही न फुटता भरल्या. मग मंजुळेचा चुडा भरला. शेवटची बांगडी चढली आणि तिकडे वाटी बुडाली.

त्यानंतर गोजराई "अजून कुणाचा हात राहिलाय का?" असं घरोघर विचारत फिरली, आणि एवढ्याशा तांबूळवाडीतून अकरा माणसं उजेडात आली. कुणाला चालता येईना, कुणाला ऐकू येईना, कुणाला उमगायला वेळ लागे. त्यांना बाहेर न्यायला आळ्यांनी पाळ्या लावून घेतल्या.

आजही दर मंगळवारी एकेका आळीची गाडी अशा सगळ्यांना घेऊन बाजारात येते. गाडीला गोजराईचंच नाव आहे, आणि नियमही तिचाच म्हणून सांगतात: दुकानदारानं सोबतच्या माणसाला विचारायचं नाही. ज्याला घ्यायचंय त्यालाच "काय दाखवू?" म्हणून विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं.

गेल्या मंगळवारी रखमाजी आमच्या दुकानात आला. तिशीचा गडी, बोलायला सावकाश. दहा वाजल्यापासून त्यानं कंगवे पाहिले. एकोणीस कंगवे. प्रत्येक केसांतून फिरवून पाहिला. मागे रांग लागली, पण कुणी चकार शब्द काढला नाही. जेवणाची वेळ झाली तेव्हा त्यानं सगळे कंगवे माझ्याकडे सरकवले आणि म्हणाला, "नको."

मी कंगवे आवरले आणि त्याला हात जोडून म्हणालो, "बरं, रखमाजीशेठ."