एकादशीची थाळी

“पण बुवा, ज्याला कुणी बोलावतच नाही, त्याला सांभाळायचं कशाला?”

ओजसने हे अशा सुरात विचारलं, की स्वतःच्या रजेचा अर्ज त्याने स्वतःच मंजूर केला असावा. त्याच्या मांडीवर लॅपटॉप होता. समोर निरंजनबुवा गवार निवडत बसले होते.

बुवा मठात येण्यापूर्वी तीस वर्षं एका कंपनीत प्रोग्राम लिहीत. संन्यास का घेतला असं कुणी विचारलं, की ते ‘तीस वर्षं प्रोग्राम लिहिले’ एवढंच सांगत.

मठात दुपारी येईल त्याला जेवण मिळे. आज काय रांधायचं आणि किती, हे बुवांनी लिहिलेला प्रोग्राम रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या पडद्यावर दाखवी. त्या जुन्या प्रोग्रामची साफसफाई, म्हणजे त्यातले वापरात नसलेले तुकडे, फंक्शन, काढून टाकणं, हे ओजसचं बुवांच्या हाताखालचं शेवटचं काम. ते पास झालं, की बुवा त्याला ‘आता एकट्याने काम कर’ म्हणणार होते. पुण्यातली नोकरी त्याची वाट पाहत होती. निदान त्याची तशी समजूत होती.

“काय काय उडवलंस?”

“फक्त अडगळ, बुवा. माझं टूल प्रोग्राम चालवत नाही, नुसता वाचतं. आणि कुठलं नाव कुठे वापरलंय ते सांगतं. ‘पंगत’ इथे, इथे आणि इथे. ‘एकादशीची थाळी’ कुठेच नाही.”

“कुठेच नाही?”

“फंक्शन लिहिलेलं आहे, पण त्याला नावाने बोलावणारी एक ओळ सापडत नाही. म्हणून पुसलं.”

बुवांनी एका शेंगेची शीर ओढून काढली.

“टूल खोटं बोलतं का रे?”

“छे! ते कशाला खोटं बोलेल?”

“तेही खरंच.”

…

मग बुवांनी एकदम आवाज चढवला.

“ए, आजचा वाढपी!”

ओजसने लॅपटॉप खाली ठेवला, पंचा खांद्यावर टाकला आणि स्वयंपाकघराकडे निघाला.

“कुठे चाललास?”

“तुम्हीच बोलावलंत ना?”

“मी ओजस म्हटलं?”

“नाही, पण आज वाढायची पाळी माझी आहे.”

“तुझ्या टूलला माहीत आहे हे?”

“टूलला कसं माहीत असणार? पाळी रोज बदलते. ज्याची असेल तो…”

ओजस थांबला. परत येऊन बसला. लॅपटॉप उघडला.

ती ओळ सापडायला त्याला फार वेळ लागला नाही. पंचांगातून आजची तिथी घ्यायची, तिला ‘ची थाळी’ जोडायचं, आणि जे नाव तयार होईल त्या फंक्शनला बोलवायचं. पूर्ण नाव कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते रोज सकाळी जन्माला येत होतं.

…

“उद्या काय आहे?” बुवांनी विचारलं.

“गुरुवार.”

“आणखी?”

“एकादशी,” ओजस पुटपुटला. “उपासाची माणसं पानावर बसली असती, आणि पडद्यावर…”

“काहीच नाही. निर्जळी घडली असती सगळ्यांना. पुण्य तुझ्या खात्यात.”

ओजसने फंक्शन जागच्या जागी परत ठेवलं. चेहरा एवढासा झाला होता.

“मग हे टूल टाकूनच देतो, बुवा.”

“का? ‘पंगत’चं नाव तू सगळीकडे बदललंस ते कुणाच्या जिवावर? मी महिनाभर शोधत बसलो असतो, आणि वर दोन जागा सोडल्या असत्या.”

“पण मग एखादी गोष्ट खरंच वापरात नाही, हे ओळखायचं कसं?”

बुवांनी गवार बाजूला सारली. उठले. गोठ्यात गेले आणि वासराच्या गळ्यातली घंटा सोडून घेऊन आले. वासराने त्यांच्याकडे लेखी खुलासा मागितल्यासारखं पाहिलं. स्वयंपाकघराचं मागचं दार कित्येक दिवस बंद होतं. बुवांनी त्याच्या कडीला घंटा बांधली आणि पुन्हा गवारीपाशी येऊन बसले.

…

ओजसने त्या दाराकडे पाहिलं.

“म्हणजे फंक्शन पुसायचं नाही. त्याला घंटा बांधायची, म्हणजे कुणी बोलावलं की नोंद करणारी एक ओळ, आणि वाजते का ते ऐकत थांबायचं.”

“हं.”

“किती दिवस?”

“एक अधिक महिना होऊन जाऊ दे. त्याचीही थाळी लिहिलेली आहे मी.”

“बुवा, अधिक महिना गेल्याच महिन्यात संपला! आता तीन वर्षांनी येणार. माझ्या पुण्याच्या नोकरीचं काय?”

बुवांनी निवडलेली गवार टोपलीत ओतली.

“तोवर उद्याचा साबुदाणा भिजत घाल. आणि सारखा हात घालून बघू नकोस.”