शेवटचे टाके

एकदा एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रसूतिविभागात शलाका नावाची एक तरुण डॉक्टर एका वृद्ध प्रसूतितज्ज्ञांच्या हाताखाली कामाला लागली. त्या वृद्ध डॉक्टरांना सगळे ‘बाई’ म्हणत. बाईंचा स्वतःचा दवाखाना नव्हता. शहरातले कितीतरी स्त्रीरोगतज्ज्ञ आपापल्या दवाखान्यात गर्भवतींना नऊ महिने तपासत आणि बाळंतपणासाठी या रुग्णालयात दाखल करत. ते पोहोचेपर्यंत, किंवा वेळेवर पोहोचू शकले नाहीत तर, जवळ कोणीतरी जाणतं माणूस सतत हजर असावं, यासाठी बाईंची नेमणूक होती.

हे काम नेमकं काय आहे, हे शलाकाला पहिले तीन आठवडे उमगलंच नाही. रुग्ण आपले, की दुसऱ्यांचे? निर्णय आपण घ्यायचा, की विचारायचा? तिने एकदा बाईंना विचारलंही. बाई म्हणाल्या, “थोडे दिवस नुसतं पाहा.” पाहून तिचा गोंधळ वाढतच गेला.

एका मंगळवारी सकाळी नयना मोहिते दाखल झाली. लग्नाला नऊ वर्षं झालेली, दोनदा गर्भपाताचं दुःख सोसलेली ही स्त्री डॉ. निमकरांची रुग्ण होती. डॉ. निमकर सकाळी तिला तपासून, बाईंशी सविस्तर बोलून आपल्या दवाखान्यात परतल्या होत्या. “दुपारी येतेच मी,” असं नयनाचा हात हातात घेऊन त्यांनी सांगितलं होतं.

अकराच्या सुमारास शलाका नयनाला तपासत असतानाच पाणमोट फुटली आणि पाण्याबरोबर बाळाची नाळ खाली घसरली. बाळाचं डोकं नाळेवर दाबलं गेलं की बाळाचा रक्तपुरवठा तुटतो. शलाकाने दोन बोटांनी डोकं वर उचलून धरलं आणि बाईंना हाक मारली.

बाईंनी एका नजरेत सगळं पाहिलं. “आता हात काढायचा नाही,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पोट उघडून मी बाळ हातात घेईपर्यंत नाही.”

थिएटरला निरोप गेला. शलाका ट्रॉलीवरच गुडघे टेकून बसली. नयनाचा नवरा संमतिपत्र हातात घेऊन भिंतीला टेकला होता. त्याच्याने पेनाचं टोपण निघत नव्हतं. तेवढ्यात नयना म्हणाली, “निमकर मॅडम आल्याशिवाय मला आत नेऊ नका.”

“तेवढा वेळ नाही,” शलाका म्हणाली. “बाळ जाईल. हो म्हणा.”

नयनाने तोंड फिरवलं आणि ट्रॉलीचा दांडा घट्ट धरला. “त्या नसतील तर नाही.”

शलाकाला वाटलं, आता बाई रागावतील, दरडावतील. बाईंनी खिशातून फोन काढला, नंबर लावला, दोन वाक्यांत परिस्थिती सांगितली आणि चालत्या ट्रॉलीबरोबर चालत फोन नयनाच्या कानाशी धरला. शलाकाचा हात आत अडकलेला, बोटांखाली नाळेचे ठोके मंद होत चाललेले, आणि ज्यांनी हात धुवायला धावायचं त्या बाई फोन धरून चाललेल्या. बाईंचं वय झालं की काय, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

फोनमधला आवाज तिलाही ऐकू आला. “नयना, मी निघालेय. पण माझ्यासाठी थांबू नकोस. बाईंना तुझं सगळं मी सांगून ठेवलंय. त्या म्हणतील तसं कर.”

नयनाने दांडा सोडला. “करा,” ती म्हणाली. तोवर ट्रॉली थिएटरच्या दारात पोहोचली होती. फोनपायी एक क्षणही वाया गेला नव्हता, हे शलाकाच्या ध्यानात पुष्कळ नंतर आलं.

ठोके अजून टिकून होते, म्हणून भूलतज्ज्ञांनी नयनाला कुशीवर वळवून कमरेतून भूल दिली. शलाका हिरव्या कापडाखाली वाकून बसून राहिली. तिला काही दिसत नव्हतं. एकाएकी तिच्या बोटांवरचं वजन नाहीसं झालं. बाईंनी डोकं वरून उचललं होतं. बाळ निपचित होतं. बालरोगतज्ज्ञ त्याच्यावर झुकले. दीड मिनिट गेलं असेल. मग बारीकसं, चिडकं रडू आलं.

शलाका कापडाखालून बाहेर आली तेव्हा तिची बोटं सरळ होत नव्हती.

गर्भाशयाचे टाके पूर्ण झाले होते. वरचे थर शिवायचे बाकी असताना डॉ. निमकर धापा टाकत आत आल्या. बाई म्हणाल्या, “हात धुऊन या.” त्या तयार होऊन आल्यावर बाईंनी सुईचा चिमटा त्यांच्या हाती दिला आणि स्वतः समोरच्या बाजूला, मदतनिसाच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. “नयना, मी आलेय गं,” डॉ. निमकर म्हणाल्या. पडद्यापलीकडे नयना हुंदके देऊ लागली. आतापर्यंत ती रडली नव्हती.

बाहेर नयनाच्या सासूबाईंनी डॉ. निमकरांचे हात धरले. “ऑपरेशन बाईंनी केलंय,” डॉ. निमकरांनी लगेच सांगितलं. सासूबाईंनी बाईंकडे पाहून नमस्कार केला आणि पुन्हा डॉ. निमकरांचेच हात धरले. बाई म्हणाल्या, “यांनी सगळं आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून निभावलं.” आणि त्या आपल्या खोलीकडे निघून गेल्या. शलाकाबद्दल कोणीच काही बोललं नाही.

खोलीत बाई नोंद लिहीत होत्या. शलाकाने खांद्यावरून वाचलं. नाळ किती वाजता घसरली, कोणी डोकं वर धरलं, किती मिनिटं धरलं, शस्त्रक्रिया कोणी केली, डॉ. निमकर किती वाजता आल्या, सगळं होतं. तिचं पूर्ण नावही होतं. ती अधिकच गोंधळली.

“बाई, शेवटचे टाके तुम्हीच घालू शकत होतात.”

“हो.”

“मग त्यांना का दिले? कागदावर सगळं खरं लिहिता, आणि माणसांसमोर मागे सरता.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “इथे येण्याआधी बारा वर्षं माझाही दवाखाना होता. एका बाळंतपणाला मी वीस मिनिटं उशिरा पोहोचले. तिथल्या डॉक्टरांनी ते उत्तम निभावलं होतं. त्यांनी घरच्यांना सांगितलं, तुमच्या डॉक्टर वेळेवर आल्याच नाहीत, म्हणून मला करावं लागलं. वाक्य खरं होतं. ती बाळंतीण पुन्हा माझ्याकडे आली नाही. त्यांच्याकडेही जाऊ शकली नाही, कारण त्यांचा दवाखानाच नव्हता. पुढच्या खेपेला तिने कोणालाच दाखवलं नाही. आठव्या महिन्यात रक्तदाब वाढून झटके आले तेव्हा तिला उचलून आणलं. ती वाचली. मूल गेलं.”

शलाका समोरच्या खुर्चीवर बसली.

“नयनाला आपण तासभर सांभाळलं. उद्या दूध येणार नाही, टाके दुखतील, दोन महिन्यांनी ती उगाच रडत बसेल. तेव्हा तिला निःशंक मनाने कुठेतरी जाता आलं पाहिजे. ते ठिकाण निमकरांनी नऊ महिने खपून तयार केलंय. जीव वाचवण्याच्या भरात आपण ते मोडू नये. टाके त्यासाठी दिले.”

“पण मग आपण कोण, बाई?”

बाईंनी पेन पुन्हा उचललं. “मलाही ते रोज कळतं असं नाही. सासूबाई वळल्या तेव्हा आज मलाही थोडं लागलं. पण नोंद मी चोख लिहिते. तिथे कोणासाठी मागे सरायचं नसतं, कारण पुढच्या डॉक्टरला त्यावरून चालायचं असतं.”

शलाकाला हे पटलं, की नुसतंच ऐकू आलं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. इतक्यात परिचारिकेने दारातून सांगितलं की दुसऱ्या एका डॉक्टरांची रुग्ण कळा सुरू होऊन आली आहे. बाई उठल्या नाहीत. शलाका एकटीच गेली.

खाटेवर बसलेली स्त्री दाराकडे डोळे लावून होती. ओळखीचा चेहरा न दिसल्याने ती जरा आक्रसली. शलाका तिच्याजवळ स्टूल ओढून बसली.

“मी डॉक्टर शलाका. तुमच्या डॉक्टर पोहोचेपर्यंत मी इथे आहे,” ती म्हणाली. मग तिने पुढे जोडलं, “आणि त्या आल्यावरही असेन.”

त्या स्त्रीने तिच्याकडे पाहिलं आणि रक्तदाबाची पट्टी बांधायला हात पुढे केला.