हैबतीचं नोबडी

डोंगराखालच्या एका गावात हैबती नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगाल ते ऐकायचा आणि ऐकलं तस्संच करायचा. त्याचं लग्न जमत आलं होतं. पण मुलीच्या वडिलांची, राऊबांची, एक अट होती. जावयाला थोडं इंग्रजी यायला हवं. म्हणून आईनं हैबतीला खांबेटे मास्तरांकडे धाडलं.

मास्तर म्हणाले, "नोबडी म्हणजे कोणी नाही. त्याच्या पोटातच 'नाही' आहे. वर आणखी 'नाही' लावायचं नाही."

"नाही लावत," हैबती म्हणाला.

परत येताना त्याच्या धक्क्यानं काठावरचा धोंडा विहिरीत पडला. धबाक्! बायका ओरडल्या, "अगंबाई! कोण पडलं रे?"

"नोबडी पडलं!"

"कुणाची गं ती पोर?" लोक धावले. गडी विहिरीत उतरले, अंधार पडेस्तोवर गाळ उपसला. नोबडी काही सापडली नाही.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "गावात इंग्रजी कशाला पाजळतोस? सरळ 'कोणी नाही' म्हणावं."

"बरं."

दुसऱ्या दिवशी राऊबा मुलगा बघायला आले. आत आई पोहे परतत होती, मामा नवा फेटा बांधून बसले होते. राऊबांनी कडी वाजवली. "कोणी आहे का घरात?"

"कोणी नाही!" हैबती आतून ओरडला.

राऊबा परत फिरले. आई झाऱ्यासकट एसटीच्या थांब्यापर्यंत धावली, तेव्हा कुठे ते आले. कसंबसं लग्न ठरलं.

आता मास्तरांनी पुढचा धडा दिला. "एव्हरीबडी म्हणजे सगळे. पण धरायचं एकवचन."

"म्हणजे एकच?"

"एकच."

"अख्खं गाव असलं तरी?"

"तरी!"

हैबतीला हे फार आवडलं. तेवढ्यात राऊबांचा फोन आला. "जावईबापू, वऱ्हाडात कोण कोण येणार?"

"एव्हरीबडी."

राऊबांना अर्थ कळला नाही, पण जावई इंग्रजी बोलला म्हणून छाती फुगली. "वा, वा! मग पानं किती मांडू?"

"एकच."

राऊबांचे डोळे भरून आले. वऱ्हाड नाही, मानपान नाही. इतकी साधी माणसं हल्ली मिळतात कुठं!

लग्नाला टेम्पो भरभरून गाव लोटलं. अक्षता पडल्या. मांडवात बघतात तर एकच पान. हैबती मांडी घालून बसला. पुरणपोळी, आमटी, भजी, भात, सगळं चाटूनपुसून खाल्लं. भोवती उपाशी वऱ्हाड उभं.

"अरे, आमचं जेवण कुठाय?" मास्तर कळवळून म्हणाले.

हैबतीनं ढेकर दिली, हात धुतले आणि अभिमानानं म्हणाला, "मास्तर, एव्हरीबडी जेवला!"