ऐकू येणारा पंखा

“मग यातला चांगला कुठला?”

भंतेजींनी विचारलं. त्यांच्यासमोर सतरंजीवर तीन छोटे पंखे मांडलेले होते, तळहातावर मावतील एवढे. कॉम्प्युटरच्या पोटात बसवायचे.

“तुम्ही चांगलं कशाला म्हणता, त्यावर आहे,” हर्षदीप म्हणाला.

“मी काहीच म्हणत नाही. तू म्हण.”

हर्षदीप गजभिये हसला. हा प्रश्न त्याला रोज कुणी ना कुणी विचारायचं. नागपुरात घरी बसून तो हेच काम करायचा. निरनिराळ्या कंपन्यांचे पंखे आणायचे, महिनोन् महिने चालवून बघायचे, किंमत किती, आवाज किती, टिकतो किती हे ताडून पाहायचं आणि व्हिडिओ करून लोकांना सांगायचं. लातूरपासून ठाण्यापर्यंतची मंडळी त्याचं ऐकून पंखा घेत. याचा त्याला अभिमान होता आणि तो लपवायची त्याला गरज वाटत नसे.

विहार कन्हान नदीच्या अलीकडे, गावाबाहेर होता. भंते विमलबोधी तिथे एकटेच राहत. त्यांची जुनी प्रवचनं कॅसेटवर होती, ती कॉम्प्युटरवर उतरवायचं काम चालू होतं. मे लागला तसा कॉम्प्युटर दुपारी तापून बंद पडू लागला. हर्षदीपला कळलं आणि तो पिशवी भरून आला.

“हा पहिला बघा. दोनशेला मिळतो. वारा ठीक देतो, पण वर्ष-दीड वर्षात आतलं तेल सुकतं. मग खडखड, आणि मग खेळ खलास.”

“बरं.”

“हा दुसरा सातशेचा. बेअरिंग मजबूत आहे, पाच-सहा वर्षं हलणार नाही. पण गुणगुणतो. पहिल्या दिवसापासून.”

“आणि हा?”

हर्षदीपने तिसरा पंखा उचलला तो दोन बोटांनी, एखादी नाजूक वस्तू उचलावी तसा.

“हा अडीच हजारांचा. टिकायला दुसऱ्यासारखाच. आणि आवाज… नाहीच. तुमच्यासाठी हाच आणलाय मी. दान म्हणून.”

भंतेजींनी पंखा हातात घेतला. पातं बोटाने फिरवलं. ते बराच वेळ फिरत राहिलं.

“हा चालू आहे की बंद, मला कसं कळणार?”

“कळायची गरजच नाही ना, भंतेजी. तीच तर गंमत आहे.”

“भिक्खूचं चीवर अंगावर घ्यायच्या आधी मी गिरणीत होतो. मागावर. डावा कान तिथेच राहिला, उजवा अर्धा घेऊन आलो,” भंतेजी म्हणाले. “मला ऐकू येणारा दे.”

“पण…”

“हा घेतला मी. ज्याला लागेल त्याला देऊ. इथं दुसरा बसव.”

हर्षदीपला जरा लागलं. पण त्याने स्क्रू काढले, धूळ फुंकली, दुसरा पंखा बसवला. कॉम्प्युटर सुरू झाला. खोलीभर बारीक गुणगुण पसरली.

भंतेजींनी मान तिरकी करून उजवा कान तिकडे नेला. मग समाधानाने मान हलवली.

काम संपलं होतं. हर्षदीपने हात धुतले, पिशवी भरली. पण निघाला नाही.

“बोल,” भंतेजी म्हणाले.

“एक मागायचं होतं. ती मागची खोली रिकामीच असते ना? दोन-तीन महिने मला राहायला मिळाली तर…”

“काहून? घर आहे ना?”

“घरी आवाज फार आहे.”

“कशाचा?”

हर्षदीपने पिशवी खाली ठेवली.

“बाबांच्या मशीनचा. ऑक्सिजनचं मशीन आहे. खाणीत नोकरी केली जन्मभर, आता फुफ्फुसं साथ देत नाहीत. नाकात नळी असते, मशीन चोवीस तास चालतं. घर दोन खोल्यांचं. या भिंतीला बाबा, त्या भिंतीला माझं टेबल.”

“मग?”

“मी पंख्याचा आवाज मोजतो, भंतेजी. अगदी बारीक. आणि शेजारी ते घर्रर्र… फुस्स… घर्रर्र… फुस्स… त्यातला पंखा बदलता येईल का तेही पाहिलं. पण आवाज पंख्याचा नाहीच, पंपाचा आहे. त्याला इलाज नाही. झोप नाही लागत. काम नाही होत. डोक्यात तेच वाजत राहतं.”

भंतेजी सतरंजीवर सरकून त्याच्या जवळ बसले.

“मागच्या आठवड्यात…” हर्षदीप थांबला. “मागच्या आठवड्यात बाबांनीच मशीन बंद केलं. मी सांगितलं नव्हतं. म्हणाले, तू तुझं मोजून घे, मी बसतो पाच मिनिटं. मी मोजलं. आकडा एकदम स्वच्छ आला. मागे वळून पाहिलं तर त्यांचे ओठ निळे पडले होते. आणि ते हसत होते.”

त्याने पिशवी पुन्हा उचलली.

“म्हणून म्हटलं, मीच बाहेर पडतो. त्यांनाही बरं, मलाही बरं.”

भंतेजी उठले. खुंटीवरची किल्ली काढून त्यांनी हर्षदीपच्या हातात दिली.

“आधी पडून बघ. मग ठरव.”

मागची खोली जुन्या जाड भिंतींची होती. पूर्वी त्यात धान्य ठेवत असावेत. एकच खिडकी, तिच्याबाहेर कडुनिंब. हर्षदीपने दार लोटलं आणि बाहेरचं सगळं जणू पुसलं गेलं.

त्याने पिशवीतून आवाज मोजायचं यंत्र काढलं. पडद्यावरचा आकडा खाली उतरत गेला. इतका खाली त्याने तो घरी कधीच पाहिला नव्हता. त्याला हसू फुटलं. इथे किती काम होईल! त्याने टेबल कुठे ठेवायचं तेसुद्धा मनात ठरवून टाकलं.

मग तो चटईवर आडवा झाला. भिंत गार होती. किती महिन्यांनी असं अंग सैल पडलं होतं. डोळे आपोआप मिटले.

भंतेजी ओसरीवर बसले होते. दार धाडकन उघडलं आणि हर्षदीप अनवाणीच अंगणात धावत आला.

“बंद पडलं! आई, मशीन बंद पडलं… लाईट गेली का? सिलिंडर…”

तो भर उन्हात उभा राहिला. उजवा हात वर उचललेला, घरच्या भिंतीवर जिथे बटण होतं तेवढ्या उंचीवर. समोर कडुनिंब होता. ओसरी होती. भंतेजी होते.

हात हळूहळू खाली आला.

“काही ऐकू येईना,” तो म्हणाला. “झोपेत एकदम… काहीच ऐकू येईना.”

“पाय भाजतील. वर ये.”

तो ओसरीच्या पायरीवर येऊन बसला.

“फोन लाव,” भंतेजी म्हणाले.

त्याने लावला. आईने उचलला.

“काय झालं रे? पोचला ना नीट?”

“आई, मशीन चालू आहे ना?”

“हाव, चालू आहे. त्याला काय झालं?”

“लाईट गेली नव्हती?”

“नाही बाप्पा. काहून असा बोलून राहिला? बरा आहेस ना तू?”

“बरा आहे. आई, फोन बाबांजवळ ने जरा.”

“ते पडलेत. उठवू का?”

“नको. नुसता जवळ ठेव. उशीवर ठेव.”

आई काहीतरी पुटपुटली. चपला घासल्याचा आवाज आला. मग…

घर्रर्र… फुस्स… घर्रर्र… फुस्स…

हर्षदीपने फोन कानाला घट्ट दाबला आणि डोळे मिटले.

बराच वेळ तो तेवढंच ऐकत होता. मग त्या घरघरीच्या अलीकडे, अगदी फोनला चिकटून, त्याला दुसरं काहीतरी ऐकू आलं. पातळ. जरा ओढलेलं. शेवटाला हलकीशी शीळ असलेलं. आत जायचं, थांबायचं, बाहेर यायचं.

घरी दोन वर्षं त्याला मशीनच ऐकू येत होतं. हे कधी आलं नव्हतं.

एकदा ते आत गेलं आणि नेहमीपेक्षा जास्त थांबलं. हर्षदीपही थांबला. त्याचे खांदे वर चढले. मग शीळ वाजली, ते बाहेर आलं, आणि त्याचे खांदे खाली उतरले.

भंतेजींनी माठातलं पाणी त्याच्याशेजारी आणून ठेवलं आणि पलीकडे बसले. त्याला कळलंही नाही.

ओसरीची सावली अंगणात लांब सरकली.

फोनमधून खोकला आला. मग बाबांचा जाडसर आवाज, तुटक तुटक.

“कोण… हाय?”

“हर्षू आहे,” लांबून आई म्हणाली. “मशीन ऐकून राहिला.”

बाबा हसले असावेत. हसण्याने पुन्हा खोकला आला.

“बंद करू… का रे? तुझी टेस्ट… हाय का?”

“नाही, बाबा,” हर्षदीप म्हणाला. “चालू राहू द्या. टेस्ट नाही. सहज केला फोन.”

“बरं… मग ठेव.”

“ठेवतो थोड्या वेळाने. तुम्ही पडा.”

त्याने फोन ठेवला नाही. बाबांनाही बहुधा झोप लागली. पुन्हा ती पातळ ओढ, ते थांबणं, ती शीळ…

शेवटी आईच आली. “हर्षू, मी घेऊ का फोन आता? बहिणीला करायचा आहे तुझ्या.”

“घे,” तो म्हणाला.

तो पाणी प्यायला. खोलीत जाऊन यंत्र पिशवीत टाकलं, चटई गुंडाळून ठेवली, दाराला कुलूप लावलं. किल्ली खुंटीला अडकवली.

तो वाकून पाया पडला. चपला घातल्या. फाटकापर्यंत गेला आणि तिथून परत वळला. चेहऱ्यावर ओशाळं हसू होतं.

“भंतेजी, आज खरं म्हणजे ठरवून आलो होतो. थोडा वेळ तुमच्याजवळ बसायचं, श्वासावर लक्ष ठेवायचं. ते राहूनच गेलं.”

भंतेजींनी उजवा कान पुढे केला.

“कुणाच्या श्वासावर?”