मुठीतला भाव

जांभूळगडच्या बाजारात राजाची नवीकोरी दमणी विकायला उभी होती, आणि राजा ती कुणालाच विकत नव्हता!

वर छप्पर, बसायला गाद्या, आत अख्खं घर मावेल अशी ऐसपैस बैलगाडी. भाव ठरायचा होता बाजाराच्या रीतीने, रुमालाखाली बोटं धरून. एक बोट म्हणजे दहा रुपये. पण राजा सकाळपासून रुमालाखाली उजवी मूठ घट्ट आवळून बसला होता.

“माझी जेवढी बोटं उघडाल, तेवढाच भाव!” तो म्हणाला. “पण बळजबरी चालणार नाही.”

दलालांनी हात घालून पाहिले. विनवण्या केल्या. एकाने पेढा पुढे केला. राजाने तो डाव्या हाताने खाल्ला.

गर्दीत मुकुंद कासार आणि त्याची बायको सगुणा उभी होती. त्यांची जुनी गाडी इतकी आदळायची, की विकायला नेलेल्या निम्म्या बांगड्या वाटेतच फुटायच्या. सासूबाई तर गाडीचं नाव काढलं तरी कंबर धरायच्या. गाठीला होते साठ रुपये.

“चल घरी,” मुकुंद म्हणाला. “दोनशेची गाडी पन्नासात द्यायला राजा मूठ कशाला उघडेल?”

“थांबा हो! राजे समोर बसलेत आणि पाया न पडताच जायचं? बरं दिसतं का?”

सगुणाने पदर सारखा केला, पुढे झाली आणि राजापुढे वाकली.

“सौभाग्यवती भव!” राजा म्हणाला.

त्याचा उजवा हात आपसूक वर आला. रुमाल घसरून मांडीवर पडला. पाचही बोटं उघडी! सगळ्या बाजाराने पाहिली.

“पन्नास रुपये,” सगुणा वाकल्या वाकल्याच म्हणाली. “ठरलं, महाराज!”

“अगं, हा आशीर्वाद आहे! भाव नव्हे!”

“मग परत घेता का, महाराज?”

राजाने हाताकडे पाहिलं. खाली घ्यावा, तर भरबाजारात सवाष्णीला दिलेला आशीर्वाद मागे घेतल्यासारखं. वर ठेवावा, तर पाच बोटं.

“कुणी शिकवलं तुला हे?”

“सासूबाईंनी. माझ्यावर कितीही चिडलेल्या असू देत, मी वाकले की त्यांचा हात उघडतोच!”

राजा खो खो हसत सुटला. “ने गाडी! पन्नासातच ने! आणि ओढायला माझ्या गोठ्यातली बैलजोडीही ने!”

सगुणाचा चेहरा खुलला. ती पुन्हा वाकू लागली.

राजाने घाईघाईने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

“पुरे, पुरे! आता पाया पडू नकोस!”